हशासकट: नाशकातल्या रेकॉर्डिंगची डायरी

गुरुवार

डिकीत पेटी, ढोलकी, माईकच्या बॅगा आणि स्टँडांची मोळी बसवून पुणं सोडलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. विनोदी गाण्यांचा लाइव्ह अल्बम करायचा आणि तो कॉमेडी क्लबातच करायचा, हे दादा-वहिनींनी दिवाळीत पक्कं केलं होतं. गाणी ते दोघं लिहितात आणि गातात. पेटीवर काका, ढोलकीवर काकांचा पुतण्या, ध्वनिमुद्रण माझ्याकडे. नाशिक ठरलं ते वहिनीमुळे. तिचं माहेर सिडकोत. आपली गाणी कायमची टिपली जाणार असतील तर समोर आपल्या गावची माणसं हवीत, असं तिचं म्हणणं. मला ते ऐकताक्षणी पटलं.

चाकणची कोंडी पार करून नारायणगावात थांबलो. गाणारं-वाजवणारं माणूस या रस्त्यानं चाललं असेल तर त्यानं इथे न थांबता पुढे जाऊ नये असं मला वाटतं. हे विठाबाई नारायणगावकरांचं गाव, तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारखा बघतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. आम्ही गेलो तेव्हा राहुट्या नुकत्या उभ्या राहत होत्या. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत टेबल, कनातीला टाचलेलं कॅलेंडर. एका राहुटीत सोंगाड्याचं काम करून थकलेले एक बाबा बसले होते. दादानं त्यांच्या पायाला हात लावला आणि आम्ही काय करायला निघालोय ते सांगितलं.

"हसायचीच गाणी?" बाबांनी विचारलं. मग पुतण्याकडे वळले. "ढोलकी तुझी का? मंग ऐक. लोक हसाय लागले की गाणाऱ्यानं तोंड मिटायचं आन् तू जागं ऱ्हायचं. तुझा ठेका थांबला की लोकांना वाटतं खेळ खलास."

त्यांनी टेबलावर बोटांनी बारीक ठेका धरला. आधी जरा मोठा, मग हलका, मग जेमतेम ऐकू येईल इतकाच, आणि शेवटी तळव्याची एक खणखणीत थाप. "हितं बोलायचं."

तमाशात गण झाला, गौळण झाली, की वगाच्या आधी बतावणी रंगते. पेपरात सकाळी आलेलं सोंगाड्याच्या तोंडी रात्री येतं. संगीत आणि विनोद एकाच दमात चालवायचा, समोरच्या माणसाच्या हशावर पुढचा शब्द टाकायचा, हे सगळं या लोकांनी कनातीत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात घडवलं. आम्ही ते क्लबात नेतोय, एवढंच.

पुढे संगमनेर. शाहीर अनंत फंदींचं गाव. चहा घेतला आणि निघालो. सिन्नर मागे टाकून नाशकात शिरलो, सामान वहिनीच्या माहेरी टाकलं आणि संध्याकाळीच खोली बघायला गेलो. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, कॅफेच्या वरचा मजला. साठेक खुर्च्या, कोपऱ्यात वीतभर उंचीचं स्टेज, बुटकं छत. छत बघून मला आनंद झाला. उंच हॉलमध्ये हशा वर जातो आणि तिथेच विरतो. बुटक्या खोलीत तो माणसांवर परत येतो, शेजारचा हसला की आपल्यालाही हसू फुटतं.

शुक्रवार

सगळी दुपार खोलीतले आवाज शोधण्यात गेली. गर्दी नसलेल्या खोलीत डोळे मिटून उभं राहिलं की काय काय ऐकू येतं. काउंटरमागचा फ्रीज गुणगुणत होता. एसीचं बाहेरचं युनिट खिडकीच्या काचेला थरथरवत होतं. पंखा एका पात्याला कुरकुरत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या मोटारींची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास बसते, आणि ढोलकीचा घुमारही त्याच पट्ट्यात सुरू होतो. ही घरघर नंतर कापायला गेलं की ढोलकीचं पोट कापलं जातं. म्हणून ती मुळातच बंद करायची.

कॅफेचे मालक मन लावून ऐकत होते, पण फ्रीज म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "ताई, रात्री विसरलो तर सगळं दूध जाईल."

मी गाडीची किल्ली फ्रीजमध्ये, दह्याच्या डब्याशेजारी ठेवली. शूटिंगवरच्या साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे: किल्लीशिवाय घरी जाता येत नाही आणि फ्रीज उघडल्यावर तो बंद असल्याचं कळतंच. मालकांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतःची स्कूटरची किल्लीसुद्धा आत ठेवली.

मग माईक. वहिनी आणि दादाला एकेक हातातला, पेटीला एक, ढोलकीला दोन, आणि प्रेक्षकांसाठी चार: दोन स्टेजच्या कोपऱ्यांत प्रेक्षकांकडे तोंड करून, दोन मागच्या भिंतीजवळ वर टांगलेले. पुढच्या दोघांची पाठ स्पीकरकडे, म्हणजे गाण्याचा आवाज त्यांत कमीत कमी शिरतो. प्रत्येक माईक वेगळ्या ट्रॅकवर. गाण्याची पातळी मुद्दाम खाली ठेवली, उणे अठरा डेसिबलच्या आसपास, कारण साठ माणसं एकदम हसली की तो आवाज गाण्याच्या कितीतरी वर उसळतो. त्याला वर मोकळी जागा ठेवली नाही तर नेमका सगळ्यात मोठा हशा फाटतो. आणि आमचा खरा माल तोच होता. दारावर पाटी लावली: आजच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होणार आहे, आपला हशाही त्यात असेल.

असा अल्बम करण्याची वाट इतरांनी फार आधी पाडली आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात गाणं बसतं, पण हशाला थांबायला जागा उरत नाही. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला वीस मिनिटांच्या वर मावू लागलं, आणि मग माईक क्लबांत शिरले. बॉब न्यूहार्टनं १९६० मध्ये ह्यूस्टनच्या एका नाइटक्लबात रेकॉर्ड केलेल्या तबकडीला 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं. त्यात गाणी नव्हती, नुसतं बोलणं आणि हशा. गाण्यांच्या बाबतीत मी मानते टॉम लेररला. गणिताचा माणूस, एकटा पियानोवर बसायचा. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या 'हंग्री आय' या क्लबात त्यानं केलेलं रेकॉर्डिंग मी विद्यार्थिदशेत ऐकलं. अणुबाँबपासून प्रदूषणापर्यंत विषय, आणि प्रत्येक ओळीनंतर त्या खोलीतली माणसं. अर्धी गंमत मला कळत नव्हती, तरी खोली कळत होती. आणि आपल्याकडे? पु. ल. देशपांड्यांचे प्रयोग घराघरांत कॅसेटवर वाजले ते हशासकट. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे आपल्यापैकी कित्येकांना त्या अनोळखी प्रेक्षकांच्या हसण्यानं शिकवलं. तो हशा काढून ती कॅसेट ऐकून बघा, निम्मं उरेल.

रात्रीचा कार्यक्रम जमला. सगळ्यात मोठी टाळी घेतली ती एका जुन्या सिनेगीताच्या चालीवरच्या विडंबनानं, आणि ते अल्बममध्ये येणार नाही हे आम्हाला गाण्याआधीच माहीत होतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं आलेल्या ३१-सी कलमाखाली जुन्या गाण्याची कव्हर आवृत्ती काढता येते. पण मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटावी लागतात, आगाऊ नोटीस आणि रॉयल्टी द्यावी लागते, आणि मालकाच्या संमतीशिवाय शब्दांत किंवा चालीत फेरफार चालत नाही. विडंबनात तर फेरफार हाच सगळा खेळ. म्हणून अल्बमसाठीची गाणी दादानं पोवाड्याच्या, ओवीच्या, भारुडाच्या चालींवर बांधली आहेत, काहींच्या चाली काकांच्या स्वतःच्या. मला यात अडचण दिसत नाही, उलट भलंच झालं. सिनेमाची चाल ऐकली की माणूस निम्मा हसतो तो ओळखीला. पोवाड्याच्या चालीत शब्दालाच हसवावं लागतं. लेररनं आयुष्याच्या शेवटी, २०२० आणि २०२२ मध्ये, आपली गाणी सगळ्यांसाठी खुली करून टाकली. असं औदार्य दाखवणारे फार थोडे, तोवर आपल्या लोकपरंपरेनं खुल्या ठेवलेल्या चाली आहेतच.

किल्ल्या गार झाल्या होत्या. फ्रीज सुरू करून निघालो.

शनिवार

सकाळी मिसळ. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, दुसऱ्यांदा रस्सा मागितल्याशिवाय कोणी उठत नाही. वहिनीच्या वडिलांनी, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, मग आम्हाला जुन्या नाशकात नेलं. भांडी बाजारातून, सरकारवाड्यावरून खाली गोदाघाटावर. दुतोंड्या मारुतीपाशी काका बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी इथून पैठणला जाते, एकनाथांच्या गावी. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशा रस्त्यावरच्या माणसांची सोंगं घेऊन भारुडं लिहिली. हसवत हसवत माणसाच्या काळजाला हात घालायचा. काका म्हणाले, "आपल्या अल्बमचं खरं ऑफिस पैठणला आहे."

परतताना अण्णांनी विजयानंद थिएटर दाखवलं. इथंच २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. हे शाळेत सगळे शिकतात. त्या रात्री रंगमंचावर कोणतं नाटक होतं, ते मात्र कमी जणांच्या लक्षात राहतं: देवलांचं 'संगीत शारदा'. म्हाताऱ्या नवरदेवाला हसत, गात गात एका दुष्ट रूढीवर प्रहार करणारं नाटक. मला राहून राहून वाटलं, त्या रात्री गोळ्यांच्या आधी या थिएटरात लोक त्या म्हाताऱ्या भुजंगनाथाला हसले असतील. तो हशा कोणी टिपला नाही. या शहराचा गाण्यासकट हसण्याचा इतिहास किती जुना आहे, हे त्या दारात उभं राहिल्यावर अंगावर आलं.

संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे या सगळ्या प्रवासाचं फळ.

दादाचा पार्किंगचा पोवाडा आहे. पुण्यात त्यात लक्ष्मी रोड असतो. वहिनीनं तो नाशिकसाठी नव्यानं बांधला होता. दादा शाहीर, वहिनी आणि काका झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारे. डफ नाही, ढोलकीवरच धुमाळीचा ठेका.

रविवार कारंज्याला गाडी वळविली,
जागा शोधता शोधता दुपार ढळली,
पोरं मागच्या शिटावरती पेंगू लागली,
अन् बायको काच वाजवून म्हणाली,
"मी उतरून साडी घेऊन, फॉल-पिको करून आले,
तुम्ही अजून इथंच?"

'रविवार कारंजा' या शब्दालाच पहिला हशा आला, छोटा, ओळखीचा. पुढच्या दोन ओळी दादानं मुद्दाम सपाट म्हटल्या. आणि शेवटच्या ओळीत वृत्त मोडून, वहिनी स्वतःच्या माहेरच्या सुरात, अगदी गाडीच्या काचेपाशी वाकल्यासारखी बोलली. तिसऱ्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. "फॉल-पिको" या शब्दावर त्या एकट्या आधी हसल्या, एक लांब, वरच्या पट्टीतला 'अगंबाई'. खोली त्यांच्याकडे वळली, आणि मग सगळी खोली कोसळली.

आता इथे काय झालं ते मी हेडफोनमधून ऐकलं. वहिनी गप्प. दादा गप्प. काकांनी पेटीवर दोनच मात्रांचा तुकडा पकडला आणि तोच फिरवत राहिले. पुतण्यानं ढोलकीच्या शाईवर बोटांनी बारीक ठेका धरला, मोठ्यापासून लहानापर्यंत, बाबांनी टेबलावर दाखवला होता अगदी तसा. हशा चढला, टोकाला गेला, उतरू लागला. पूर्ण विझू द्यायचा नाही, अर्ध्याच्या खाली आला की शब्द टाकायचा. उतरणीवर आजी पुन्हा हसल्या, दुसरी लाट आली. पोरानं घाई केली नाही. ती लाटही खाली येऊ दिली आणि मग थाप. त्याच थापेवर झीलकऱ्यांचं "जी जी रं जी", आणि त्यात प्रेक्षकांतले दहा-बाराजण सूर मिसळून मोकळे झाले.

माझे डोळे भरून आले होते. स्टुडिओत हे महिनाभर तालीम करूनही मिळत नाही. तिथे चारही कलाकार असतात, पण पाचवा वादक नसतो, आणि तो शनिवारी तिसऱ्या रांगेत बसला होता. कार्यक्रम संपल्यावर मी आजींकडे गेले, तुमचा आवाज अल्बममध्ये ठेवला तर चालेल का विचारलं. त्या म्हणाल्या, "ठेव की. माझ्या भाचीला ऐकव, ती म्हणते मी कुठेही जोरात हसते."

रविवार

दिवसभर सिडकोतल्या घरात, मागच्या खोलीत, लॅपटॉपवर. मागच्या भिंतीजवळचे माईक स्टेजपासून साधारण दहा मीटरवर होते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे दादाचा शब्द त्या माईकपर्यंत पोचायला २९ मिलिसेकंद लागतात. तसंच ठेवलं तर प्रत्येक अक्षराला सावली पडते आणि नेमका विनोदाचा शब्द पुसट होतो. सुरुवातीला स्टेजवर एक टाळी वाजवून घेतली होती. तिची रेघ सगळ्या ट्रॅकवर शोधली आणि मागचे ट्रॅक तेवढे अलीकडे ओढले. खोली एकदम स्वच्छ झाली. अण्णा दारात उभे राहून ऐकत होते, म्हणाले, "हां, आता मी खुर्चीत बसलोय असं वाटतंय."

दादाच्या एका परिचितानं फोनवर सल्ला दिला: शुक्रवारची दोन गाणी चांगली आहेत, हशा कमी पडला असेल तर शनिवारचा उचलून लाव, सगळे करतात. मी नाही म्हटलं, आणि दादाही ठामपणे नाही म्हणाला. याबद्दल माझं मत पक्कं आहे. हशाला कारण असतं. तो एका कोपऱ्यात सुरू होतो, एखाद्या शब्दाला अडखळतो, कुणाची तरी वाट बघतो. आणि गाणाऱ्याचा पुढचा श्वास त्या विशिष्ट हशाच्या मापाचा असतो. दुसरीकडचा हशा आणून डकवला की गाणारा चुकीच्या जागी थांबल्यासारखा ऐकू येतो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण त्याचा विश्वास उडतो. शुक्रवारी ज्या ओळीला चारच माणसं हसली, ती चारच माणसं अल्बममध्ये हसतील.

रात्री कॉलेज रोडवरच्या दुसऱ्या एका छोट्या जागेत कार्यक्रम. प्रेक्षक बहुतेक विद्यार्थी, दाद टाळ्यांपेक्षा आरोळ्यांनी. पोवाड्याला हशा कमी, कारण यातल्या कुणाकडे चारचाकी नाही. पण खोली भाड्यानं शोधणाऱ्या मुलांवरच्या ओव्यांना जे हसले ते शनिवारी कुणी हसलं नव्हतं. 'मुलींना देतो, पण स्वयंपाक करायचा नाही. मुलांना देत नाही, स्वयंपाक केला तरी' या ओवीला वहिनीला दोनदा थांबावं लागलं.

सोमवार

परतीच्या वाटेवर गाडीतच निवड केली. पोवाडा शनिवारचा, काहीही न कापता. खोलीच्या ओव्या रविवारच्या. काकांचं भारूड शुक्रवारचं, कारण त्या रात्री त्यांचा आवाज सगळ्यात मोकळा लागला होता. सिनेगीताचं विडंबन बाहेर. दादाला पोवाड्यात 'रविवार कारंजा' ठेवावं की सोलापूर-कोल्हापूरच्या ऐकणाऱ्यांसाठी सगळीकडे चालेल असं काही पुन्हा गाऊन घ्यावं, असा प्रश्न पडला होता. वहिनी म्हणाली, "सोलापूरच्या माणसाला नाशिकचा चौक माहीत नसेल, पण नाशिकची माणसं त्या चौकाला कशी हसली ते त्याला ऐकू येईल ना?" तिथे तो विषय मिटला.

राहिला एक तिढा. आता अल्बम सलग कुणी ऐकत नाही, अॅपवर एकेक गाणं सुटं वाजतं. म्हणून गाण्याआधीचं बोलणं वेगळ्या ट्रॅकवर टाकायचं आणि प्रत्येक गाण्याच्या तोंडाशी-शेवटाशी खोलीचा दोन-दोन सेकंदांचा आवाज ठेवायचा, म्हणजे सुटं वाजलं तरी ते खोलीतच सुरू होईल आणि खोलीतच संपेल, आणि सलग लावलं तर सांधा कळणार नाही. तीन रात्री, दोन खोल्या, वेगवेगळी गर्दी, त्यामुळे हे सांधे जुळवायला वेळ जाणार. काकांना पेटी थोडी वर हवी आहे. पुतण्या म्हणतो, ढोलकी आहे तिथेच बरी आहे. पाडव्यानंतर मिक्सला बसतोय.